चालीत बसणारं नाव

"गा एजे, एकदाच," म्हणत एसेनने फोन रेकॉर्डिंगला लावला आणि बुरुलचासमोर टेबलावर ठेवला.

गावच्या नाटक मंडळातले सगळे तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. सकाळी बेकरीत पाव भाजायचा आणि संध्याकाळी सांस्कृतिक भवनात तालमीला यायचं, यात तिची उमर गेली होती. मंडळाचे कपडे तीच शिवायची, तालमीची थंड खोली तापवायला शेगडीही तीच पेटवायची. भूमिका मात्र शेजारणीच्या, नाहीतर चहा आणून ठेवणाऱ्या बाईच्या. यंदाच्या नाटकात मेलेल्या मुलाच्या आईचं काम होतं आणि ते कुणाला द्यायचं, हे राजधानीहून आलेल्या दिग्दर्शकाने, एसेनने, अजून सांगितलं नव्हतं.

"कुणी गेलेलं नसताना विलाप म्हणू नये," बुरुलचा म्हणाली. "घराला लागतो."

"नाटकात गेलाय ना. आणि तुमचा तर खराच गेलाय. म्हणून तुम्हालाच सांगतोय."

दोन हिवाळ्यांमागे तिचा मुलगा उर्मात मॉस्कोहून पेटीतून घरी आला होता. इमारतीच्या बांधकामावरून पडला होता. युर्तमध्ये, त्या गोल लोकरी तंबूत, त्याच्याशेजारी बसून, रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून, तिने विलाप म्हटला होता. शब्द तिचेच होते. त्यानंतर ते तिने ओठांवर येऊ दिले नव्हते.

तिने एसेनकडे पाहिलं. तो इतक्या आपुलकीने बघत होता की तिला वाटलं, आपलं काम ठरलं. ती वळली, भिंतीकडे तोंड केलं आणि गायली.

संपल्यावर एसेनने फोन उचलला, सगळं नीट उतरलंय ना ते कानाला लावून पाहिलं आणि आइझिरेकच्या हातात दिला. आइझिरेक शाळेत गाणं शिकवायची. केस कमरेपर्यंत, चेहरा कुठूनही बघावा असा.

"आठवडाभरात पाठ होईल?" त्याने तिला विचारलं.

"त्याच्याआधी होईल."

मग मी काय करू, असं बुरुलचाने विचारलं. एसेनने तिला बाजूला न नेता, सगळ्यांसमोरच समजावलं. "एजे, तुमचं दुःख खरं आहे, पण ते दिसत नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाने काय तुमची पाठ बघत बसायची?"

मंडळी हसली. सगळे हसले म्हणून तीही हसली.

अडचण आली ती नावाची. नाटकातल्या मुलाचं नाव कुबानिचबेक. ते काही त्या चालीत बसेना. आइझिरेक दर वेळी तिथेच अडखळायची. शेवटी एसेन वैतागून म्हणाला की मूळचंच राहू द्या, संहितेत सगळीकडे उर्मात करून टाका. बुरुलचा तिथेच कफनाला टाके घालत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून तालमीत त्याच नावाच्या हाका सुरू झाल्या. उर्मात, नीट मर. उर्मात, मेल्यावर नाक खाजवायचं नसतं. मुलाचं काम करणारा ड्रायव्हर पडल्या पडल्या खिदळायचा आणि त्याच्या अंगावर नमदा, जाड लोकरी चादर, घालायचं काम बुरुलचाकडे होतं. दुसरं कुठलंही नाव घे, असं तिने एसेनला एकदा सांगून पाहिलं. कला माणसापेक्षा मोठी असते, असं काहीसं तो बोलला.

प्रयोगाला सारं गाव लोटलं. आइझिरेक प्रेक्षकांकडे तोंड करून, केस मोकळे सोडून गायली. चांगली गायली. पहिल्यांदा नाव आलं तेव्हा बायकांमधून हुंदका उठला, कारण ते नाव कुणाचं हे गावाला ठाऊक होतं. पडदा पडल्यावर त्या बायका, मयताच्या घरी जावं तशा, एकेक करून आत आल्या आणि आइझिरेकला गळामिठी घालून रडल्या.

बुरुलचा विंगेत नमद्याची घडी घालत होती. तिची नणंद कालीचा डोळे पुसत तिच्यापाशी आली.

"आज कसं पोटातून रडू आलं बघ," ती म्हणाली. "त्या दिवशी तुला असं जमलं नव्हतं."

बुरुलचाने घडी पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळ कोचकोर गावच्या प्रयोगासाठी निघालं. गाडीत सामान चढत असताना एसेनने सगळ्यांना सांगितलं की तिथला जो माणूस खर्च करतोय, त्याचा भाऊ सामात नुकताच वारलाय. तेव्हा आज सामात म्हणायचं. चालीत बसतं, आपण बघितलंय.

बुरुलचाने हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

"उर्मातच राहू दे," ती म्हणाली.

"तुम्हीच तर ते काढ म्हणत होतात."

"तिकडे त्याला कुणी ओळखत नाही. तिकडचे चार लोक रडले असते त्याच्यासाठी."

एसेन फोनवर काहीतरी लिहीत होता. "बघू," तो म्हणाला. "आधी ते गाठोडं वर टाका, गाडी अडलीय."

घाटात आइझिरेक मागच्या बाकावर नवं नाव घोळवून बघत होती. एका जागी ती पुन्हा पुन्हा थांबायची. शेवटी तिने पुढे वाकून बुरुलचाच्या खांद्याला हात लावला.

"एजे, सामातनंतर सूर वर जातो की खाली?"

बुरुलचाने खिडकीकडे तोंड केलं. मग तिने ती ओळ गाऊन दाखवली, सामातचं नाव घालून. सूर खाली जात होता.

"पुन्हा एकदा," आइझिरेक म्हणाली. "सावकाश."