कांद्याचं फूल

"देवाचं काम आहे गं," झेंडूचं शेवटचं फूल पिशवीत टाकत वरच्या मजल्यावरचे खांबेटेकाका म्हणाले. "मधमाश्यांचं काय, जातील दुसरीकडे."

त्या जातच होत्या. तळमजल्याची ही बाग मी खास त्यांच्यासाठी लावली होती. पण काका रोज उजाडायच्या आत झेंडू, जास्वंद, तगर सगळं खुडून न्यायचे. मधमाश्या फिरकेनात आणि माझ्या भोपळ्याच्या वेलाला फळ धरेना.

मग मी कोंब आलेले कांदे पुरले. कांद्याचं फूल देवाला कोण वाहणार? माघात त्यांच्या उंच दांड्यांवर पांढरे गोल गेंद डोलू लागले आणि मधमाश्यांची झुंबड उडाली.

गणेशजयंतीच्या सकाळी काकू तसलाच एक गेंद घेऊन खाली आल्या. मागे काका.

"काय गं, हे फूल कसलं? यांनी बाप्पाला वाहिलं आणि देवघरात कांदा चिरल्यासारखा वास येतोय."

"कांद्याचंच आहे, काकू."

"आज? बाप्पाला कांदा?" काकू काकांकडे वळल्या.

"दिसायला छान होतं," काका पुटपुटले. "बरं, हे नको. झेंडू तर चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणाले. "फक्त मधमाशी कांद्यावरून उठते ती थेट झेंडूवर, तिथून जास्वंदीवर. मी वनस्पतिशास्त्र शिकलेय, काका, खोटं कशाला सांगू? मध्ये कुठे पाय धुवत नाही ती."