वायर कुणी काढली?

नागपुरात पारा एक्कावन्नावर गेला, तेव्हा सोसायटीने दुपारी भाडेकरूंचे एसी बंद ठेवायचा ठराव केला. बारा ते चार तळघरातल्या सगळ्या गाड्यांच्या बॅटरीतली वीज घरमालकांच्या एसींना जाई. एक जरी वायर निघाली तरी सगळे एसी बंद पडत, म्हणून त्या वेळात चार्जिंगची वायर काढायला भाडेकरूंना मनाई होती.

उज्ज्वलाने सेक्रेटरी देवतळेंना दोनदा सांगून पाहिलं. "काका, माझी गाडी जुनी हायब्रिड आहे. बॅटरी उतरली की तिचं पेट्रोल इंजिन आपोआप चालू होतं. बंद तळघरात धूर कोंडेल."

"तुमच्या घरमालकाचं पत्र आणा, मग बघू," देवतळे म्हणाले. घरमालक परदेशात होता. त्याने उत्तरच दिलं नाही.

त्या दिवशी ती तीनला बसने कामावरून परतली, तर आई घरात नव्हती. शेजारच्या कांताबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना वर उकडून सोसेना. खाली जरा गार असतं म्हणून तुझ्या गाडीत जाऊन पडल्यात."

उज्ज्वला धावत जिना उतरली. तळघरात इंजिन घरघरत होतं. मागच्या सीटवर आई झोपल्यासारखी पडली होती आणि तिचे गाल कधी नव्हे इतके गुलाबी दिसत होते. उज्ज्वलाने वायर उपटली, आईला ओढत बाहेर उन्हात आणलं आणि तिची छाती दाबत राहिली. आईचा श्वास काही परत आला नाही.

एवढ्यात वरचे चार-पाच जण घाम पुसत खाली आले. देवतळे पुढे होते.

"एसी बंद पडलेत," ते ओरडले. "वायर कुणी काढली?"