शिफ्टची हाक

“शिफ्ट!”

भाकरी तव्यावर टाकून इंदुमती पुन्हा आतल्या खोलीकडे निघाली. अर्धांगाच्या झटक्यानंतर नवऱ्याचं एकच बोट धड चालत होतं. त्या बोटाने तो कॉम्प्युटरवर आठवणी लिहायचा. पण ख, घ, भ आले, की अक्षराबरोबर शिफ्टही दाबून धरावं लागे, आणि ते धरायला बायको. हाकेसरशी धावून धावून तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते.

दारातच ती थबकली. नवऱ्याने शिफ्ट दाबून सोडलं, मग अक्षर दाबलं. पडद्यावर ‘भ’ उमटला. लगेच तो पुसून त्याने पुन्हा हाक मारली, “शिफ्ट!”

“अहो, हे काय?”

तो ओशाळला. “स्टिकी कीज. गेल्या आठवड्यात चिडून शिफ्ट बडवत होतो, तर कॉम्प्युटरनेच विचारलं, चालू करू का? आता बटणं एकामागून एक दाबली तरी चालतात.”

“मग मला कशाला पळवताय?”

“एरवी तू इकडे फिरकतेस कुठे?”

करपलेल्या भाकरीचा वास आला. तिने जाऊन गॅस बंद केला, आणि परत येऊन त्याच्याशेजारी स्टूलवर धपकन बसली.

“यापुढे नावाने हाक मारा,” ती म्हणाली. “शिफ्ट काय, शिफ्ट!”