धातू चुकला

"ह्याच्यावर जे साल आहे, त्या सालची पाच रुपयांची नाणी चुंबकाला चिकटत नाहीत, मामा. हे चिकटलं." सांगलीत जुनी नाणी विकत घेणाऱ्या वीरधवलनं तानाजीमामांचं नाणं काट्यावर ठेवलं. "वजनही कमी भरतंय. टांकसाळीत धातू चुकलेला दिसतोय. वीस हजार देतो."

"ज्याच्या हातनं चुकला, त्याला कामावरनं काढला आसंल की?"

वीरधवल हसला. "काय मामा! असल्या चुकांवर तर गिऱ्हाइकं तुटून पडतात."

मामांनी नाणं उचलून खिशात टाकलं.

"कुपवाडात भट्टीवर बावीस वर्षं लोखंड ओतलं मी. एकदाच धातू चुकला, तर मालकानं दुसऱ्या दिवशी गेटातनंच हाकललं. आदी माज्या चुकीला गिऱ्हाईक आण, मग ह्याचं बोलू!"