ओरिजिनल कॅसेट

"हा बघा चायना माल!" भारत निकमांनी व्हिडिओ गेमची कॅसेट टीपॉयवर आपटली. "वर चिनी अक्षरं छापलीत. लपवायचेसुद्धा कष्ट घेतलेले नाहीत."

"ती जपानी आहेत, सर," अरिबा म्हणाली. "गेम मुळात जपानमध्येच तयार झालाय. म्हणून तर ओरिजिनल."

ती आणि तिचे अब्बा, सलाउद्दीन, देवळाली कॅम्पहून दोन बस बदलून कॉलेज रोडवरच्या या फ्लॅटमध्ये आले होते. इंटरनेटवर लिलावाची साइट होती, तिच्यावर अरिबाने नुकतंच दुकान उघडलं होतं आणि निकम हे तिचं पहिलंच गिऱ्हाईक. कॅसेट हातात पडल्यावर त्यांनी तिच्या नावापुढे लाल शेरा मारला होता: नकली माल, सावध राहा. असला शेरा कपाळावर घेतलेल्या दुकानात दुसरं कोण फिरकणार? तो बदलणं फक्त निकमांच्या हातात होतं. त्यांनी दोघांना बसा म्हटलं, पण पाणी विचारलं नाही.

"बरं, अक्षरं सोड. गेम किती आहेत यात? एक!" निकम म्हणाले. "मी कॉलेजात होतो तेव्हा माझ्याकडे चौसष्ट गेमची कॅसेट होती. रणगाडे, मोटारी, कुंग फू, सगळं. आता जग कुठल्या कुठे गेलं, आणि तू मला एका गेमची कॅसेट देतेस?"

"ओरिजिनलमध्ये एकच गेम असतो, सर. चौसष्टवाल्या सगळ्या कॉपी केलेल्या असतात."

"म्हणजे माझी नकली आणि तुझी असली. वा!"

"मागे बघा ना. कंपनीचं नाव प्लॅस्टिकमध्येच कोरलेलं आहे."

"कोरायला काय लागतं?"

अरिबाला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. घरी पलंगाखाली अशा कॅसेटचं खोकं भरून ठेवलेलं होतं. जहाजावर नोकरीला असलेल्या तिच्या भावाने, रिझवानने, ते जपानच्या एका बंदरातल्या जुन्या बाजारातून आणलं होतं. आपल्या दुकानात नकली वस्तू ठेवायची नाही, असं तिने घरात सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. हा टोला अब्बांना होता, कारण कॅम्पच्या बाजारातल्या त्यांच्या गाळ्यात दुसरं काही नव्हतंच. ते तेव्हा नुसते हसले होते. "बेटा, असली मालाला गिऱ्हाईक कुठंय?" एवढंच म्हणाले होते.

आता ते वाकले आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीतून त्यांनी एक पिवळी कॅसेट काढली.

"साहेब, जरा ही लावून बघा."

"अब्बा, नको."

निकमांनी ती लावलीसुद्धा. टीव्हीवर गेमची लांबच लांब यादी आली, मागे टुणटुण वाजू लागलं. निकम सतरंजीवर मांडी घालून बसले. "रणगाडे आहेत! प्रतिभा, अगं बाहेर ये, रणगाडे!" त्यांच्या बायकोने दारातून डोकावून पाहिलं आणि ती चहा टाकायला आत गेली. यादीत पहिल्या पानानंतर तेच गेम नावं बदलून पुन्हा येतात, हे अरिबाला माहीत होतं. निकम यादी खाली सरकवत होते आणि खूश होत होते.

"याला म्हणतात ओरिजिनल. वर सोनेरी शिक्काच आहे बघा."

असे शिक्के अब्बा घाऊक आणायचे. शाळेतून आली की अरिबा ते चिकटवायला बसायची.

"सर, ही नकली आहे," ती म्हणाली. "शिक्कापण खोटा आहे. तो मी माझ्या हाताने चिकटवलाय."

सलाउद्दीन तिच्याकडे बघतच राहिले. घरी असते तर ओरडले असते. निकमांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि त्यांना हसू आवरेना.

"कमाल आहे! स्वतःचा माल खपवायला ही बापाच्या मालाला नावं ठेवतेय!"

"लहान आहे, साहेब," सलाउद्दीन म्हणाले.

चहा आला. निकम कॉम्प्युटरसमोर बसले आणि तिच्या नावापुढचा लाल शेरा पुसून त्यांनी तिथे हिरवा दिला. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि ते मोठ्याने मराठीत सांगितलं: चूक ताबडतोब सुधारली, विक्रेतीचे वडील सज्जन गृहस्थ आहेत. याच हिरव्या शेऱ्यासाठी अरिबा इतक्या लांब आली होती. तो पुन्हा लाल करा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. ते तिने गिळलं, आणि दुकान वाचलं म्हणून आतल्या आत हायसं वाटलं, त्याची तिला शरम वाटली. 

निघताना निकमांनी जपानी कॅसेट तिच्या हातावर ठेवली.

"आणि पोरी, हा कचरा परत कुणाच्या गळ्यात मारू नकोस. घरी अजून असेल तर फेकून दे."

अरिबाने तोंड उघडलं, पण तिच्या आधी सलाउद्दीन बोलले.

"फेकतो, साहेब. आजच फेकतो."