दाम्बाचा वाडगा

१९९१ चा उन्हाळा. जीप खडकांच्या पायथ्याशी थांबली आणि गोबी वाळवंटातल्या रीतीप्रमाणे लांबूनच हाक आली, "कुत्रा धरा." खांदजाव आपल्या लोकरी तंबूच्या दारात आली. मुलीच्या दंडाचा आधार घेऊन एक म्हातारा जीपमधून उतरत होता. दोन्ही डोळ्यांवर साय धरली होती. त्याने डावा पाय टेकला, तो बाहेर फाकवून. खांदजावने कुत्रा धरला नाही.

तो पाय तिने नऊ वर्षांची असताना पाहिला होता, याच खडकांच्या माथ्यावरून. १९३७, सरकारने लामांना धरून नेण्याचं ते वर्ष. मठ जाळला गेला तेव्हा तिचा थोरला भाऊ दाम्बा, कोवळा लामा, इथल्या एका गुहेत लपला. ती त्याला सुकं दही पोचवायची. एका सकाळी सैनिक कुठेही न शोधता थेट गुहेशी गेले. त्यांच्यापुढे वाट दाखवत शेजारचा गोन्चिग चालला होता, डावा पाय फाकवून. दाम्बा परत आला नाही. गुहेत राहिला तो त्याचा लाकडी वाडगा, काठाला टवका उडालेला. तेव्हापासून तो खांदजावच्या डगल्याच्या घडीत, छातीशी होता. त्यात तिने कधी काही ओतलं नाही.

तिने ही जागाही सोडली नाही. पुढे खडकांचं अभयारण्य झालं. अभयारण्य म्हणजे तेव्हा एक पहारेकरी आणि त्याची बंद पडणारी मोटारसायकल. त्याने शेळ्या आवरायला सांगितल्या, तिने आवरल्या. वर खडकाच्या एका भोकात पाणी आहे, हात घालावा इतकं खोल. लांब दांड्याच्या चमच्याने ते काढतात आणि दृष्टी सुधारते म्हणून डोळ्यांना लावतात. शहरात राहायला गेलेल्या गोन्चिगला दिसेनासं होत चाललंय, असं तिच्या कानावर आलं होतं. मग तिला घाई उरली नाही.

त्याने तिला ओळखलं नाही. त्याची मुलगी सरन्तुया शाळेत शिकवायची आणि शहरी टाचांचे बूट घालून आली होती. तिने खाली थांबावं, बाबांना आपण नेऊन आणू, असं खांदजाव म्हणाली.

"वाटभर कटकट करतील, मावशी," सरन्तुया हसून म्हणाली. "ऐकू नका."

घडी घालून रचलेल्या घोंगड्यांसारखे ते खडक. खांदजावने त्याचा हात धरला आणि फटींतून, कपारींतून त्याला वर चढवत नेलं. पाय कुठे ठेवायचा ते ती नीट सांगत होती. वर वाट फुटते. डावीकडे पाणी, उजवीकडे गुहा. गुहेच्या पुढे खडक एकदम संपतो. तिथून पडलेली शेळी तिने एकदा खाली जाऊन पाहिली होती. ती उजवीकडे वळली.

गुहेपाशी तो थांबला. कड्यावरून येणारा वारा त्याच्या तोंडावर आला.

"पाणी डावीकडे होतं," तो म्हणाला. "दाम्बाची बहीण ना तू?"

तिने त्याचा हात आणखी घट्ट धरला.

"बरं केलंस. इकडे ने म्हणायचा मला धीर होत नव्हता. आता हात सोड. कडा किती पावलं आहे, तेवढं सांग."

मग तो आपल्या आईबद्दल काही सांगू लागला, त्याने वाट दाखवली नसती तर सैनिक तिचं काय करणार होते ते.

"तुमच्या मुलीनं ऐकू नका म्हणून सांगितलंय," खांदजाव म्हणाली.

इतकी वर्षं तिने हेच मागितलं होतं. आता तेच तो मागत होता, तहानलेल्या माणसाने ताक मागावं तसं. दिलं असतं तर ते दान झालं असतं. तिने घडीतून वाडगा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. त्याचा अंगठा काठावरून फिरत टवक्याशी आला आणि तिथेच राहिला.

"मुलीला ठाऊक आहे?" तिने विचारलं.

"नाही."

त्या दिवशी खांदजाव पहिल्यांदा हसली.

तिने त्याला माघारी वळवलं, पाण्याशी नेलं आणि त्याचे दोन्ही डोळे सावकाश, काळजीने धुतले. खाली आल्यावर तिने सरन्तुयाला पथ्य सांगितलं. रोज सकाळी पहिला चहा याच वाडग्यातून द्यायचा. एक दिवसही चुकवायचा नाही, नाहीतर डोळे पुन्हा जातील. सरन्तुयाने वाडगा कपाळाला लावला. गोन्चिग जीपमध्ये बसून नुसता समोर तोंड करून राहिला. ते पथ्य का नको, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

पाण्याने म्हणा की शहरातल्या शस्त्रक्रियेने, त्या शरदात त्याला एका डोळ्याने दिसू लागलं. पुढे तो नऊ वर्षं जगला. दर नव्या वर्षाला, पांढऱ्या महिन्यात, सरन्तुया दाबून वाळवलेल्या चहाची वीट पाठवायची. सोबत निरोप असायचा की बाबा बरे आहेत, वाडगा चुकत नाही. त्या दिवशी खांदजाव एक पेला चहा जास्त घ्यायची.

तो गेला त्या वर्षी सरन्तुया स्वतः आली. खांदजावने या वेळी कुत्रा धरला. निळ्या रेशमी पट्ट्यात गुंडाळलेला वाडगा सरन्तुयाने दोन्ही हातांनी पुढे केला.

"पहिल्याच सकाळी बाबांनी मला सगळं सांगितलं होतं, मावशी," ती म्हणाली. "मी वाडगा तुमच्याकडे परत पाठवायला निघाले होते. ते म्हणाले, 'ओत.'"

सरन्तुया पुढे शाळेची मुख्याध्यापिका झाली. चहाची वीट तिने कधी बंद केली नाही. खांदजाव त्या खडकांखालीच बरीच वर्षं जगली. रोज सकाळी ती दाम्बाच्या वाडग्यात पहिला चहा ओतायची, आणि साय धरेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायची. तिच्याने तो एकदाही पिववला नाही.