दोनच चमचे

"दुपारी काय खाल्लं होतं यांनी?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि शकूताईंच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अनारसे. अधिक महिना ना, जावयाला वाण द्यायला जेवायला बोलावलं होतं. ते नको नको म्हणत होते. मीच 'माझ्यासाठी एक' म्हणत तूप घालून वाढत राहिले."

पलीकडच्या खाटेवर केदार पोट धरून पुढे वाकला होता. कळ थेट पाठीत जात होती, उलट्या थांबत नव्हत्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. स्वादुपिंडाला सूज आली होती. सलाईन लागलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं. तोंडाने मात्र पाणीसुद्धा बंद. शकूताईंना लेकीच्या नजरेला नजर देववेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई स्वतःच त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. "मावशी, पित्ताशयातला खडा सरकून नळीत अडकला होता. असे खडे एका जेवणाने होत नाहीत, जुनेच आहेत ते. पित्ताशय काढावं लागेल, पण आता सूज उतरतेय. जीवाचा धोका टळला." शकूताईंनी तोंडाला पदर लावला आणि मनसोक्त रडून घेतलं.

कळ थांबल्यावर पेज द्यायची परवानगी मिळाली. "आत्ता दोनच चमचे हं," नर्सने बजावलं. शकूताईंनी स्वतःच्या हाताने भरवलं. केदारने डोळे मिटून घोट गिळला, मग आशेने वाटीकडे पाहिलं.

"आई, आणखी एक. माझ्यासाठी."

शकूताईंनी वाटी पदराआड घेतली. जावयाला 'पुरे' म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि म्हणताना त्यांना हसू आवरेना.